राइडमध्ये न बसणारी माणसं

करमणूक उद्यानाचं फाटक लोकांसाठी दहाला उघडतं, पण आतलं काम पहाटेच सुरू झालेलं असतं. रुळांवर दव असतं, शेडमध्ये ग्रीसचा वास असतो, आणि फिटर, इलेक्ट्रिशियन, हेल्पर आपापली पिशवी उचलून ज्याच्या त्याच्या राइडकडे निघालेले असतात. रोलर कोस्टरची चढण माझ्याकडे होती. साखळीच्या कडेच्या अरुंद जाळीवरून ती रोज पायी चढायची. नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ मारतात, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या पत्र्यावर. दोन्ही अर्ध्या रेघा एका ओळीत दिसल्या म्हणजे नट हललेला नाही. जरा सरकलेली दिसली की तिथेच बसायचं, पाना लावायचा, लॉगबुकात नोंद करायची. चाकांचे तीन संच असतात: वजन पेलणारी वरची, रुळाला बाजूने धरणारी, आणि गाडी उडू नये म्हणून रुळाच्या खालून धावणारी. प्रत्येक चाकाच्या कडेवरून बोट फिरवून चीर गेली आहे का ते चाचपायचं. मग रिकामी गाडी सोडायची. चढणीवर गाडीखालचा खटका दातेरी पट्टीवरून खट-खट करत जातो. साखळीने दगा दिला तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तो असतो. तो आवाज एकसारखा आला की आम्ही चहाला जायचो.

आयटीआयमधून फिटर होऊन १९९२ साली मी एका करमणूक उद्यानात लागलो आणि ते बंद होईपर्यंत तिथेच राहिलो. हेल्पर, फिटर, ऑपरेटर, शेवटी देखभाल विभागाचा सुपरवायझर, अशी सगळी कामं केली. उद्यानाचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं आपल्यातच आहेत, काहींच्या घरी माझं जाणं-येणं आहे, आणि कुणा एकाच्या माथी दोष मारायचा म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. पण एवढी गजबजलेली जागा ओस कशी पडली, असं लोक विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात: मॉल आले, मोबाइल आले, पोरांना आता कशाचं अप्रूप राहिलं नाही. यातलं काहीच खोटं नाही. तरी आत राहून जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत असं आहे की उद्यानाची खरी शान राइडमध्ये न बसणाऱ्या माणसांमुळे होती, आणि ती माणसं आधी गेली. राइड नंतर थांबल्या.

आमच्या लहानपणी पाळणा म्हणजे जत्रेतला पाळणा. एरवी मुंबईला गेलं तर राणीची बाग, चौपाटी. दिल्लीला १९८४ साली अप्पू घर सुरू झालं. १९८२च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचं नाव त्याला दिलेलं होतं. मग १९८९मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं आणि महाराष्ट्रातल्या पोरांना करमणूक उद्यान म्हणजे काय ते कळलं. बोरिवलीकडून किंवा मार्व्याहून लाँचने खाडी ओलांडून जायचं, हीच निम्मी मजा होती. टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीचं गाणं तर अशा गावांतल्या मुलांनाही पाठ होतं, जिथून कुणी कधी मुंबईला गेलेलं नव्हतं. १९९८मध्ये त्याच आवारात वॉटर किंगडम सुरू झालं. एस्सेल वर्ल्डचं यश पहिल्या काही वर्षांतच दिसलं, आणि त्याकडे बघून हमरस्त्यांच्या कडेला लहानमोठी उद्यानं उभी राहिली. आमचं त्यातलंच एक होतं.

तिथे येणारं कुटुंब कसं असायचं? टेम्पो ट्रॅव्हलरमधून किंवा दोन जीप करून दहा-बारा माणसं यायची. त्यातली राइडमध्ये बसणारी चार-पाच, फार तर सहा. उरलेली म्हणजे आजी, आजोबा, दिवस गेलेली सून, तान्हं बाळ, चक्कर येते म्हणून पाळण्याकडे न बघणाऱ्या एक काकू आणि पैशांचं पाकीट सांभाळणारे एक मामा. ही मंडळी रेन ट्रीखाली सतरंजी पसरायची. सगळ्यांच्या चपला, स्वेटर, गॉगल, पाण्याच्या बाटल्या त्यांच्या ताब्यात. दुपारी डबे उघडायचे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर्तमानपत्रात बांधलेला चिवडा. शेजारच्या सतरंजीवरचं लोणचं इकडे यायचं, इकडचा लाडू तिकडे जायचा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जवळच्या गावातला बँड वाजायचा. लग्नसराई नसेल तेव्हा ती माणसं आमच्याकडे यायची, आणि सतरंजीवरच्या आजोबांच्या फर्माइशी वाजवायची.

मेरी-गो-राउंडवर ऑपरेटर होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. घोड्यावर बसलेलं मूल चक्राबरोबर फिरत असतं. आपली आजी कठड्याच्या कुठल्या खांबाजवळ उभी आहे, हे त्याने बसतानाच हेरलेलं असतं. तो खांब जवळ आला की मूल हात वर करतं, आजीही हात वर करते. चक्र पुढे जातं, मूल पुढच्या खेपेची वाट बघतं. प्रत्येक फेरीला हे होणारच. आजी मध्येच पाणी प्यायला गेली तर मुलाची मान वळत राहते, चेहरा उतरतो, आणि घोडा तोच, संगीत तेच असूनही त्याचं लक्ष उडून जातं. ऑपरेटरच्या जागेवरून हे इतकं स्पष्ट दिसतं की त्यासाठी कुणी पुस्तक लिहायची गरज नाही. बसणाऱ्याला बघणारं माणूस लागतं. राइड त्या दोघांची असते.

पुढे वाचनात आलं, की वॉल्ट डिस्नीला आपल्या उद्यानाची कल्पना सुचली ती लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या बाकावर. त्याच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि तो बाकावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत राहायचा. आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा हवी, असं त्याला तिथे वाटलं, आणि १९५५ साली डिस्नीलँड सुरू झालं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या करमणूक उद्यानाची सुरुवात राइडमध्ये न बसलेल्या माणसाने केली होती.

आमच्या मेरी-गो-राउंडचे घोडे फायबरचे होते. साच्यातून काढलेले, त्यामुळे सगळे सारखे. पण पहिली काही वर्षं त्यांना रंगवायला पेणहून एक कारागीर यायचे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा त्यांचा हात. गणेशोत्सव आटोपला की ते मोकळे व्हायचे आणि दिवाळीच्या गर्दीच्या आत आमचे घोडे करून द्यायचे. आधी घासकाम, मग अस्तर, मग अंगाचा रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. त्या दिवशी शेडचा पंखासुद्धा बंद ठेवायला सांगायचे. बारीक कुंचला, उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार, आणि एका दमात पापणीची रेषा. कुठल्या घोड्याची नजर खट्याळ, कुठल्याची शांत, एक तर किंचित घाबरलेला. लहान मुलं ठरलेल्या घोड्यासाठी दोन-दोन फेऱ्या थांबायची. मोठी झाल्यावर आपल्या मुलांना घेऊन आलेल्या एका बाईंनी माझ्याकडे नेमकी चौकशी केली होती, की तो रागीट काळा घोडा अजून आहे का. त्या कारागिरांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्या मजुरीचं बिल देखभालीच्या खर्चात धरलेलं होतं, आणि माझ्या मते ते तिथेच शोभत होतं.

मग हळूहळू हिशेबाची पद्धत बदलली. जागेच्या प्रत्येक चौरस फुटामागे उत्पन्न किती, असे तक्ते येऊ लागले. तक्ता करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उद्यान चालवणं हा मुळात अवघड धंदा आहे. पावसाळ्याचे महिने जवळपास कोरडे जातात, गर्दी होते ती शनिवार-रविवारी, सुट्ट्यांत आणि शाळांच्या सहलींच्या हंगामात. पण पगार, विजेचं बिल आणि कर्जाचे हप्ते बाराही महिने असतात. परदेशी राइडचं एखादं बेअरिंग किंवा कंट्रोल कार्ड मागवलं तर ते यायला महिने लागतात आणि किंमत डॉलरच्या भावाने वाढत जाते. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा करमणूक उद्यानांच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१८मध्ये तो १८ टक्क्यांवर आला, पण मधल्या हंगामात वाढलेल्या तिकिटाने जी कुटुंबं बिचकली त्यातली बरीचशी आमच्याकडे परत फिरकली नाहीत.

अशा वेळी खर्च कुठे कमी करायचा हा प्रश्न आला की बोट नेहमी त्याच गोष्टींवर पडायचं, ज्यांच्यापुढे उत्पन्नाचा आकडा लिहिता येत नाही. बँड सगळ्यात आधी बंद झाला. मग न बसणाऱ्यांचं स्वस्त तिकीट गेलं. आमच्याकडे सुरुवातीपासून दोन तिकिटं होती, एक राइडचं आणि एक नुसतं आत यायचं. सगळ्यांना एकच तिकीट झाल्यावर खिडकीशी काय व्हायचं ते मी कितीदा पाहिलं आहे. कुटुंबातला कर्ता पुरुष आकडेमोड करायचा, मग आजोबाच म्हणायचे, "तुम्ही जा रे, आम्ही बाहेर गाडीत बसतो." काही कुटुंबं सगळ्यांचे पैसे भरून आत यायची. पण पुढच्या वर्षी ती आजी-आजोबांना घरी ठेवूनच यायची, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आई म्हणायची, मी घरी थांबते. चार माणसं आली तरी तक्त्यात चार तिकिटं दिसत होती, म्हणून बरीच वर्षं हा तोटा कुणाला तोटा वाटलाच नाही.

त्यानंतर डब्यावर बंदी आली. फाटकाशी पिशव्या तपासायला माणूस उभा राहिला. एका मावशींच्या पिशवीतून काढून ठेवलेला स्टीलचा चार पुडांचा डबा, त्यावर दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी, आणि त्यांचं तपासणाऱ्या मुलाला समजावणं, "अरे दादा, ह्यांना मधुमेह आहे, बाहेरचं चालत नाही," हे माझ्या समोर घडलं. तो मुलगा तरी काय करणार? त्याला वरून सांगितलेलं होतं. मी मॅनेजर साहेबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, खाण्याच्या स्टॉलवाल्यांनी भाड्याच्या करारात तशी अट घातली आहे. हेही खरं होतं. त्या भाड्यावरच आमचे पगार होत होते. पण सतरंज्या संपल्या त्या तिथे. बाहेरचं महाग खाऊन माणूस पटकन उठतो, झाडाखाली दुपार काढत नाही.

झाडाखालची जागा रिकामी दिसू लागल्यावर तिथे स्टॉल वाढले आणि बाक हलवले. पिण्याच्या पाण्याचे कूलर बिघडले ते दुरुस्त करायचा इंडेंट पुढे सरकेना, कारण शेजारीच बाटलीबंद पाणी विकलं जात होतं. पेणच्या काकांना बोलावणं बंद झालं. त्याऐवजी घोड्यांना एका दिवसात स्प्रेने पांढरा रंग मारून डोळ्यांच्या जागी स्टिकर चिकटवले. पहिल्या पावसात स्टिकरच्या कडा उचलल्या आणि पुढे काही घोडे बिनडोळ्यांचे फिरत राहिले. यांत्रिकदृष्ट्या त्यांच्यात काडीचा दोष नव्हता. खालचे क्रँक, गिअरबॉक्स, बेअरिंग मी स्वतः बघत होतो. पण एक लहान मुलगी घोड्यापाशी गेली, त्याच्याकडे बघून आईच्या ओढणीत तोंड लपवलं आणि बसली नाही. तपासणीच्या अर्जात अशा गोष्टीसाठी रकाना नसतो.

तरुण गिऱ्हाईक वाढवायचं म्हणून डीजे आणि रेन डान्स आला. तरुण मुलांनी नाचावं, त्यात गैर काही नाही. माझी अडचण वेगळी होती. यंत्रावर काम करणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त चालतो. बेअरिंग जाण्याआधी घरघरतं, पट्टा सैल झाला की चिरकतो. ऑपरेटरला तर पाळण्यातल्या माणसाच्या ओरडण्यातला फरक कळावा लागतो. मजेची किंकाळी आणि खरंच घाबरलेल्या माणसाची हाक यांत अंतर आहे, आणि अनुभवी ऑपरेटर ती हाक आली की राइड उतरवायला घेतो. डीजेच्या दणक्यात हे सगळं बुडून गेलं. आम्ही कठड्याजवळ शिट्टी दिलेली एकेक जादा माणसं उभी केली, हाताच्या खुणा ठरवल्या, दिवसातल्या तपासण्या वाढवल्या. सुरक्षितता राखली. पण ऑपरेटर आणि बसलेली माणसं यांच्यात जे बोलणं चालायचं, "काय ताई, अजून एक फेरी?", "घट्ट धर रे पिंट्या," ते बंद पडलं. ऑपरेटर नुसता बटण दाबणारा झाला.

लोकांना खरं सांगितलं तर ते समजून घेतात, हे मी त्याच उद्यानात शिकलो. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता. सकाळच्या फेरीत कोस्टरच्या एका डब्याखालच्या जोडावर मला संशय आला. अशा वेळी जोड स्वच्छ पुसून त्यावर लाल रंगाचं पातळ रसायन फवारतात. भेग असेल तर ते आत झिरपतं. थोडा वेळ थांबून वरचं पुसून घ्यायचं आणि पांढरी पूड फवारायची. भेग असली तर आतला लाल रंग त्या पांढऱ्यावर वर येतो. आला. केसाएवढी, नखाच्या लांबीची लाल रेषा. राइड दिवसभरासाठी बंद केली. खाली रांग खवळली. एक गृहस्थ फारच चिडले होते. नाशिकहून एवढ्यासाठी आलो, म्हणाले. मी त्यांना शेडमध्ये नेलं आणि ती रेषा दाखवली. ते वाकून बघत राहिले. मग बाहेर जाऊन आपल्या मुलाला घेऊन आले आणि त्याला म्हणाले, "बघ, ह्या एवढ्याशा रेषेसाठी काकांनी गाडी थांबवली." त्या मुलाने मला वेल्डिंगपासून पगारापर्यंत सगळं विचारून घेतलं. ते कुटुंब पुढेही यायचं, आणि आलं की मुलगा आधी शेडमध्ये डोकावायचा.

पुढच्या काळात राइड बंद पडणं नेहमीचं झालं आणि असं कुणाला दाखवण्यासारखं काही राहिलं नाही. सुट्या भागांसाठी पैसे नसले की एका राइडचे भाग काढून दुसरीला लावतात. बारा गाड्यांच्या राइडमध्ये आठच गाड्या जोडायच्या, उरलेल्या चार शेडमागे उघड्या पडलेल्या. ज्या राइडची मला खात्री नव्हती तिच्या कागदावर मी सही केली नाही, त्यामुळे एकेक राइड दोरी बांधून उभी राहू लागली. दोरीवर "देखभालीसाठी बंद" अशी पाटी. ती पाटी हंगामामागून हंगाम तशीच राहते तेव्हा लोक ती वाचायचंही सोडून देतात. तिकीट मात्र पूर्ण घेतलेलं असतं.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातली उद्यानं थांबली. बंद यंत्र फार काळ तसंच ठेवता येत नाही. बेअरिंग एकाच जागी दाबली जातात, सील सुकतात. म्हणून आम्ही मोजकी माणसं आळीपाळीने जाऊन राइड रिकाम्या फिरवायचो. यंत्रं उत्तम फिरत होती. उद्यान पुन्हा उघडायचं ठरलं असतं तर राइडची काही अडचण नव्हती, निदान निम्म्यांची तरी. पण कुणासाठी उघडायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आमचं फाटक त्यानंतर उघडलं नाही.

आमच्यासारख्या लहान उद्यानाचीच ही गत झाली असं नाही. दिल्लीचं अप्पू घर २००८मध्ये बंद झालं. ती प्रगती मैदानाजवळची जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी गेली. एस्सेल वर्ल्ड २०२२मध्ये बंद झालं, वॉटर किंगडम तेवढं चालू राहिलं. खोपोलीजवळ मनमोहन शेट्टींनी २०१३मध्ये इमॅजिका उभं केलं. एवढं भव्य काम महाराष्ट्रात आधी झालेलं नव्हतं, पण कर्जाचं ओझं हजार कोटींच्या वर गेलं आणि २०२२मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाने हाती घेतलं. प्रत्येकाची कारणं निराळी. जमिनीची किंमत, कर्ज, शहराची वाढ, साथ. या कारणांपुढे बाक आणि बँड या फार लहान गोष्टी वाटतील. पण मला वाटतं, वाईट वर्षं प्रत्येक उद्यानाला येतात, आणि ती निभावून न्यायला ज्यांच्या घरात या जागेशी जोडलेल्या तीन पिढ्यांच्या आठवणी आहेत अशीच माणसं लागतात. आम्ही आजीला घालवलं तेव्हा त्या तीन पिढ्या घालवल्या.

राइड जुन्या झाल्या म्हणून लोक कंटाळतात, हे तर मला मुळीच पटत नाही. कोपनहेगनचं तिवोली उद्यान १८४३पासून चालू आहे. तिथला लाकडी रोलर कोस्टर १९१४चा आहे, आणि आजही त्याच्या गाडीवर ब्रेक लावणारा माणूस बसून असतो. उतारावर वेग किती ठेवायचा ते तो हाताने ठरवतो. आजच्या संगणकावर चालणाऱ्या राइडपुढे त्याचा वेग काहीच नाही. तरी लोक त्याच्यासाठी रांग लावतात. त्या उद्यानात बागा आहेत, संध्याकाळचे दिवे आहेत, आणि मुलामुलींच्या बँडपथकाची १८४४पासूनची परंपरा आहे. राइडमध्ये पाऊल न ठेवता तिथे दिवस घालवता येतो. आपल्याकडची जत्रा बघा. पाळणा जुनाट असतो, त्याच्या सुरक्षिततेबद्दल माझ्या मनात कायम धाकधूक असते आणि त्याबाबत नियम कडक हवेत असं मी ठणकावून सांगत आलो आहे. पण तिथे सगळं घर येतं. म्हातारी माणसं देवाचं दर्शन घेतात, भेळ खातात, पाळण्याखाली मान वर करून उभी राहतात. न बसणाऱ्याला तिथे कुणी तिकीट मागत नाही.

आता मी राइडच्या तपासणीची कामं करतो. नवी उद्यानं निघत आहेत, जुनी कुठे कुठे नव्या हातात जात आहेत, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. तरुण इंजिनिअर येतात, सेन्सर, सॉफ्टवेअर, परदेशी प्रमाणपत्रं याबद्दल माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. मी त्यांच्याकडून शिकतो. पण मालकांबरोबर बैठक असली की राइडच्या यादीनंतर मी माझी एक यादी पुढे ठेवतो. मुलांच्या प्रत्येक राइडसमोर सावलीतला बाक, आणि तो असा की बसलेल्याला मुलाचा चेहरा दिसेल. फुकट पिण्याचं पाणी. घरचा डबा उघडायला झाडाखालची जागा. स्टॉलवाल्यांशी करार करतानाच ती राखून ठेवायची. साठीच्या पुढच्या आणि न बसणाऱ्या माणसांना नाममात्र तिकीट. संध्याकाळी स्थानिक कलावंतांचं वादन, बोलणं ऐकू येईल इतक्या आवाजात. राइड बंद असेल तर ती का बंद आहे आणि कधी चालू होईल, हे पाटीवर मराठीत स्पष्ट लिहिलेलं. आणि रंगकाम करणाऱ्या कारागिराची मजुरी देखभालीच्या खर्चात, ग्रीस आणि बोल्टच्या ओळीखाली.

काही जण ती यादी बघून म्हणतात, यातून उत्पन्न काय? मी त्यांना सांगतो, राइड विकत आणता येते, तिच्यासाठी बँक कर्ज देते, कंपनी हमी देते. नातवाकडे बघून हात हलवणारी आजी कुठल्याही कंपनीकडे मिळत नाही. तिला बसायला जागा द्या, ती आपलं सगळं घर घेऊन येईल, आणि तिचा नातू मोठा झाला की त्याचं घर घेऊन येईल. कुटुंबाचं उद्यान चालवायचं असेल तर पहिला खर्च तिच्यावर करा.